हा कितवा आठवडा? नैराश्य पडद्यावर आणणाऱ्या मराठी लेखक-दिग्दर्शकांना खुलं पत्र

मराठी चित्रपट आणि वेबमालिकांचे लेखक, दिग्दर्शक आणि संकलक यांना,

सप्रेम नमस्कार.

"मी रडत नाही, रोज कामावर जातो, मग मला डिप्रेशन कसं असेल?" मानसोपचार विभागाच्या ओपीडीत हा प्रश्न वारंवार येतो. त्यामागे एक चित्र असतं आणि ते बहुतेक वेळा पडद्यावरून आलेलं असतं: अंधारी खोली, खिडकीवर पाऊस, वाढलेली दाढी, हातात बाटली, मागे व्हायोलिन. आपलं तसं होत नाही, म्हणजे आपण आजारी नाही, असा हिशेब माणूस मांडतो. घरचेही तोच मांडतात आणि आणखी वर्ष निघून जातं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला आढळला. ज्यांना आजार होता त्यांतले सुमारे ८५ टक्के उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या 'विश्राम' या प्रकल्पाचे आकडे आपल्याकडचे आहेत. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनीच उपचार घेतले होते. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन दीड वर्ष काम झाल्यावर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याला होतंय त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे, हे ओळखीच्या भाषेत कुणी सांगितलं की लोक येतात. तुमचा पडदा आमच्या भित्तिपत्रकांपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून हे पत्र.

तक्रार एकाच गोष्टीची आहे. तुम्ही या आजाराची वेळ चुकवता. तो एका प्रसंगात सुरू होतो आणि एका प्रसंगात संपतो, असं दाखवता. आम्ही ज्याला आजार म्हणतो तो सगळा आठवड्यांत, तासांत आणि सेकंदांत मोजायचा असतो.

सुरुवातीपासून घेऊ. प्रेमभंग किंवा नापास झाल्याचा निकाल, की पुढच्याच दृश्यात नायक 'डिप्रेशनमध्ये'. ते दुःख आहे आणि दुःख खरंच असतं, पण निदान असं होत नाही. नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ. आणि त्या पाचांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक तरी हवंच. बाकीची लक्षणं झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता, एकाग्रता, अपराधीपणा आणि मरणाचे विचार ही. कित्येकदा आधी काही घडलेलंच नसतं. नोकरी ठीक, घर ठीक, तरी माणूस विझत जातो, आणि 'तुला कमी काय आहे?' हा प्रश्न त्याला सगळ्यात जास्त लागतो, कारण तोच प्रश्न तो स्वतःलाही विचारत असतो. कारण नसलेलं नैराश्य पटकथेत बसवणं अवघड आहे हे आम्हाला कळतं. पण ते बसवलं नाही, तर कारण सापडत नाही म्हणून गप्प बसलेला प्रेक्षक गप्पच राहतो.

आता दिवसाचं घड्याळ. नैराश्याचे जड प्रसंग चित्रपटात रात्री घडतात. तीव्र नैराश्यात सगळ्यात वाईट वेळ बहुधा सकाळची असते. माणूस नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी जागा होतो, चार-साडेचारला. पुन्हा झोप लागत नाही. उजाडेपर्यंत छतावरच्या पंख्याकडे बघत तेच ते विचार. आठ वाजता घर जागं होतं, कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, आणि याला उठून दात घासायला जाणं हे डोंगर चढण्यासारखं असतं. दुपारनंतर थोडं सैल होतं. संध्याकाळी तो चार वाक्यं बोलतो, कदाचित हसतोही. घरच्यांना वाटतं, रात्री हसत होता आणि सकाळी कामाला जायचं म्हटलं की नाटकं. निम्मी भांडणं या एका गैरसमजातून होतात. एका घरात, एकाच दिवशी, सकाळचं आणि संध्याकाळचं अशी दोन दृश्यं तुम्ही नुसती शेजारी ठेवलीत, तरी हजारो आया आणि बायकांना जे आमच्या अर्ध्या तासात समजत नाही ते समजेल.

मग सेकंद. हे खास संकलकांसाठी. तीव्र नैराश्यात बोलणं मंदावतं. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला चार-पाच सेकंद लागतात, कधी त्याहून जास्त. उत्तरही दोन शब्दांचं असतं, आवाजात चढउतार नसतो. हाताच्या हालचाली कमी होतात, पापण्या कमी लवतात, चालताना हात हलत नाहीत. अभिनेता हे बरोबर करतो आणि संकलनाच्या टेबलावर ते चार सेकंद 'हवा' म्हणून कापले जातात. त्या चार सेकंदांत आजार असतो. समोर बसलेल्या बहिणीने त्या शांततेत अस्वस्थ होऊन दुसरा प्रश्न टाकणं, मग तिसरा, आणि शेवटी "जाऊ दे" म्हणून उठणं, हे घरोघरी घडतं.

रडण्यावरचा भर कमी करा, अशीही विनंती आहे. रडू येणं हे पुष्कळदा मधल्या टप्प्यावरचं असतं. फार खोल गेलेला माणूस म्हणतो, रडूही येत नाही. तो 'मी उदास आहे' असंही फारसं म्हणत नाही. आपल्याकडे नैराश्य शरीरातून बोलतं: डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतंय, पोट साफ होत नाही, जीव रमत नाही, कशात मन लागत नाही, सगळं नकोसं झालंय. म्हणून पहिली वारी फॅमिली डॉक्टरकडे असते. ईसीजी होतो, बी-१२ ची इंजेक्शनं होतात, कुणी पित्तावर औषध देतं. पुरुषांत चिडचिड आणि दारू पुढे येते. बाळंतिणीत, बाळाबद्दल काहीच वाटत नाही याची भयंकर लाज. म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा, आणि घरचे समजतात वय झालं. ही माणसं पडद्यावर जवळपास नसतातच. तिथे नैराश्य हा शहरी, अविवाहित, कलावंत तरुणांचा आजार असतो.

डॉक्टरांच्या खोलीतलं दृश्य लिहिताना एवढं सांभाळा. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध लिहीत नाहीत. पहिली भेट खासगी दवाखान्यात पाऊण ते एक तासाची. सरकारी रुग्णालयात तेवढा वेळ मिळत नाही, रांग असते, केसपेपर असतो, हेही दाखवा. प्रश्न असे येतात: झोप किती वाजता मोडते, जेवण किती, काम किती जमतं, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू किती. थायरॉइडची आणि हिमोग्लोबिनची तपासणी लिहिली जाते, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. एक प्रश्न चांगला डॉक्टर चुकवत नाही: याआधी कधी उलट झालं होतं का, म्हणजे आठवडाभर झोप नको, उत्साह मावत नाही, पैसे उधळले? उत्तर हो असेल तर आजार द्विध्रुवी (बायपोलर) असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. मरणाचे विचार येतात का, हेही डॉक्टर थेट विचारतात. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं. असा प्रश्न शांत आवाजात विचारला जाणं हे एक दृश्य आम्हाला हवं आहे.

गोळ्यांबद्दल मात्र आम्ही आग्रही आहोत, कारण इथे चित्रपट प्रत्यक्ष नुकसान करतो. दोनच दृश्यं पुन्हा पुन्हा येतात: गोळी घेऊन गुंगलेला, लाळ गळणारा माणूस; आणि सगळ्या गोळ्या बेसिनमध्ये ओतून 'मोकळा' होणारा नायक, मागे चढत जाणारं संगीत. दुसरं दृश्य पाहून किती जणांनी तसं केलं हे मोजता येणार नाही. पण गोळ्या अचानक बंद केल्यावर काय होतं ते सांगता येतं: दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा चटका बसल्यासारखं वाटणं, भयानक स्वप्नं, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार परत.

औषधाचं खरं वेळापत्रक असं. एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी पुष्कळदा ५ मिलिग्रॅमने सुरू होते आणि आठवडाभराने १० केली जाते. पहिल्या आठवड्यात फायदा शून्य आणि त्रास पूर्ण: मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थपणा, कधी झोप आणखी उडणं. इथेच बरेच जण 'मला सूट झाली नाही' म्हणून सोडून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी झोप आणि भूक सुधारते. घरच्यांना फरक दिसतो, रुग्णाला जाणवत नाही. मन सगळ्यात शेवटी हलतं. याच काळात एक धोका असतो. अंगात शक्ती परतते, पण निराशा अजून तशीच असते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांना, लवकर-लवकर तपासायला बोलावतात. चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर ठरवतात की मात्रा वाढवायची की औषध बदलायचं. पहिल्याच औषधाने सगळ्यांना गुण येत नाही. दुसरं द्यावं लागणं हे अपयश नसतं. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जोडपी आतल्या आत भांडतात. तुमच्या पटकथेत ते येऊ शकतं, सवंगपणा न करता.

पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही गोळी त्याच मात्रेत किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, मग काही आठवड्यांत हळूहळू उतरवायची. आजार परतण्याची शक्यता खरी आहे. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना ते पुन्हा गाठतं. ज्या दिवशी 'आता मी ठणठणीत आहे, कशाला गोळ्या' असं वाटतं, तो बहुधा दुसरा-तिसरा महिना असतो. नाट्य शोधत असाल तर ते इथे आहे: बरा दिसणारा माणूस, गोळ्यांचं अर्धं पाकीट, आणि 'किती दिवस खाणार ही विषं?' असं मायेने विचारणारी मावशी.

विजेच्या झटक्यांच्या उपचाराबद्दल थोडक्यात. पट्ट्यांनी बांधलेला, ओरडणारा, शुद्धीवर असलेला रुग्ण आता दाखवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता हा उपचार करायला बंदी आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायलाही. प्रत्यक्षात सकाळची उपाशीपोटी वेळ असते, हाताला सलाईन, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, दातांमध्ये रबरी संरक्षक. रुग्ण झोपतो, काही सेकंद वीज, त्यातून अर्ध्या ते एक मिनिटाची फिट, आणि बाहेरून दिसते ती बहुधा पायाच्या बोटांची थरथर. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा. ज्याने खाणं-पिणं सोडलंय, किंवा ज्याच्या जिवाला तातडीचा धोका आहे, त्याच्यासाठी हा उपचार जीव वाचवणारा ठरतो. त्या आठवड्यांतल्या काही आठवणी पुसट होतात. तेही दाखवा, लपवू नका. त्याच कायद्यात जबरदस्तीच्या भरतीचीही चौकट आहे: रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या व्यक्तीचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. सासऱ्याच्या एका फोनवर दोन वॉर्डबॉय येऊन सुनेला गाडीत घालतात, हे कथानक आता कायद्यात बसत नाही.

संवादाने होणारा उपचार पडद्यावर नेहमी एका रहस्याच्या उलगड्यावर येऊन थांबतो. बालपणीची आठवण सापडते, रुग्ण हंबरडा फोडतो, बरा होतो. नैराश्यावरची परिणामकारक पद्धत याहून पुष्कळ साधी आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर 'संगाथ' संस्थेने केलेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या आणि नुसत्या डॉक्टरी सल्ल्यापेक्षा तीन महिन्यांत स्पष्ट जास्त गुण आला. भेटीत काय करतात? एक तक्ता. दिवसाचे तास, काय केलं, करताना ० ते १० मध्ये किती बरं वाटलं. मग आठवड्याचं एक काम ठरतं: सकाळी सातला अंथरूण उचलून ठेवायचं. वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यायचं. 'मन लागलं की करीन' हा क्रम उलटा करायचा. आधी करायचं, मन मागाहून येतं. काम मोठं दिलं की फसतं. 'रोज एक तास व्यायाम' दिलं की तिसऱ्या दिवशी चुकतं, आणि आजारी मनाला स्वतःला दोष द्यायला आणखी एक पुरावा मिळतो. फ्रीजवर चिकटवलेला तो तक्ता, त्यातले रिकामे चौकोन आणि एका मंगळवारी लिहिलेला '३' हा आकडा, यांत आम्हाला हंबरड्यापेक्षा मोठा प्रसंग दिसतो.

प्रेमाने बरा होणारा रुग्ण ही आपल्या सिनेमाची जुनी आवड. १९६९ च्या 'खामोशी'त परिचारिकेला प्रेमाचं नाटक करून रुग्ण बरा करायला सांगतात. त्या चित्रपटाने निदान त्याची किंमत तिला मोजताना दाखवली. नंतरच्यांनी किंमत गाळली. याचं ओझं खऱ्या बायकांवर आणि नवऱ्यांवर पडतं: माझं प्रेम कमी पडलं म्हणून हा बरा होत नाही. घरचे काय करू शकतात ते दाखवा. केसपेपर आणि तारीख सांभाळणं. सकाळी पडदा उघडून चहा ठेवणं आणि उत्तराची वाट न बघणं. नोकरी सोडणं, घर विकणं, घटस्फोट यांसारखे निर्णय बरं वाटेपर्यंत पुढे ढकलायला मदत करणं. आणि स्वतः चार तास बाहेर जाणं, कारण सांभाळणारा माणूस थकतो.

आत्महत्येचं दृश्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खास चित्रपट आणि रंगभूमीसाठी मार्गदर्शिका काढली आहे. त्यातल्या गोष्टी पाळायला खर्च शून्य आहे: कृती दाखवू नका, साधन, पद्धत, जागा ओळखू येईल असं काही ठेवू नका, एकच कारण देऊ नका, मृत्यूला सुटका, सूड किंवा प्रेमाचा पुरावा बनवू नका. मदत मागून तरून जाणारं पात्र दाखवा. '१३ रीझन्स व्हाय' या मालिकेतलं असं दृश्य नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने काढून टाकलं. तुमच्याकडे ते चित्रीकरणाआधीच टाळण्याची सोय आहे. पोलीस स्टेशनचा प्रसंगही तपासा. 'वाचलात, पण आता केस होणार' हा संवाद जुना झाला. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, आणि तिची काळजी व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. केसच्या भीतीने लोक रुग्णालयात खोटं कारण सांगतात आणि पुढचा उपचार हुकतो.

जमतं हेही आपल्याच भाषेत दिसलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, आणि त्याचे निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तिथे नैराश्यातल्या मुलाला गप्प राहू दिलंय. त्याला सांभाळणारी जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्यामुळे ती प्रश्नांचा मारा करत नाही. हिंदीत 'डियर जिंदगी'ने (२०१६) दोन गोष्टी नेमक्या केल्या: नायिका झोप येत नाही म्हणून जाते, जशी पुष्कळ माणसं येतात, आणि शेवटी डॉक्टर तिच्या जवळिकीला सौम्यपणे नकार देऊन उपचार संपवतात. उपचारकाने ती रेषा ओलांडणं हा रुग्णावरचा अन्याय असतो. तो प्रेमकथा म्हणून रंगवू नका.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. शेवटच्या श्रेयनामावलीत मदतीचा क्रमांक टाकला जातो तेव्हा प्रेक्षक दारात पोचलेला असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतो. तो नावं सुरू होण्याआधी, काळ्या पडद्यावर एकटा, मोठ्या अक्षरांत, मोबाइलमध्ये उतरवून घेता येईल इतका वेळ ठेवा. पात्राच्या तोंडी एकदा आला तर अधिक चांगलं.

आणि सल्लागाराला सेटवर बोलावू नका. तोवर सगळं ठरलेलं असतं. तो फक्त टेबलावरचं स्टेथोस्कोप काढायला सांगू शकतो. पहिला खर्डा झाला की द्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत, गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत वाचून देणारी माणसं मिळतील. आजारातून गेलेल्या एका व्यक्तीलाही द्या, आणि तिच्या वेळेचं मानधन द्या. कथा तुमची आहे, आम्ही तिच्यात ढवळाढवळ करणार नाही. समासात पेन्सिलीने प्रत्येक प्रसंगापुढे एवढंच विचारू: हा कितवा आठवडा?

आपले,
नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक